कुत्र्याचा पिंजरा : सोय कुणाची?

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

क्रेट म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी येतात. पहाटे टेम्पोतून उतरणारे दुधाच्या पिशव्यांचे क्रेट आणि मार्केट यार्डात एकावर एक रचलेले टोमॅटोचे क्रेट. गेल्या काही वर्षांत या शब्दाला आपल्याकडे तिसरा अर्थ मिळाला आहे. पुण्या-मुंबईत ज्यांच्या घरी कुत्रं आहे, त्यांच्या बोलण्यात तो सहज येतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेलात तर तारेच्या जाळीचे, घडी होणारे, खाली प्लॅस्टिकचा ट्रे असलेले क्रेट ओळीनं मांडलेले दिसतात. दिसायला पिंजरा, बंद होतो तोही पिंजऱ्यासारखा, पण त्याला पिंजरा म्हणायला सगळेच कचरतात. कवितेच्या नादी लागलेल्या माणसाला शब्द उकरून बघायची खोड असते. त्या खोडीपायीच मी या विषयात शिरलो.

माझ्या मुलीनं पुण्यातल्या फ्लॅटमध्ये लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं, त्याच्यामागोमाग हा क्रेटही आला. मी म्हटलं, "एवढ्याशा जिवाला पिंजरा कशाला?" ती म्हणाली, "अब्बा, पिंजरा नका म्हणू. त्याची खोली आहे ती." माझी पत्नी शेजारी लसूण सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "खोली आहे तर कडी आतून का नाही?" यावर दोन्ही बाजूंनी बरंच बोलणं झालं. त्यानंतर मी जे वाचलं, प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारलं आणि डोळ्यांनी पाहिलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो. ज्यांच्या घरी कुत्रं नाही त्यांनीही ऐकायला हरकत नाही. मुक्या जिवाला किती वेळ आणि कशासाठी कोंडावं, हा प्रश्न कुत्रं नसलेल्यालाही कधी ना कधी पडतोच.

ही पद्धत मूळची अमेरिकेतली. तिथं पिल्लू घरी आलं की क्रेट आणणं, हे बाळासाठी पाळणा आणण्याइतकं सरसकट मानलं जातं. तरी तिथंही एकमत नाही. अमेरिकन केनेल क्लब ही जुनी संस्था क्रेटची शिफारस करते, तर प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणारी 'पेटा' त्याला कडाडून विरोध करते. युरोपात स्वीडन आणि फिनलंड या देशांत तर कुत्र्याला घरात असं बंद करून ठेवायला कायद्यानंच मनाई आहे. प्रवास, आजारपण, स्पर्धा अशी तात्पुरती कारणं तेवढी चालतात. त्या देशांतली कुत्रीही घरातच राहतात, त्यांनाही शी-शू बाहेर करायची सवय लागते. म्हणजे क्रेटवाचून कुत्रं शिकतच नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. आणि क्रेट म्हणजे छळच, असं म्हणणाऱ्यांनाही थोडं थांबवावं लागेल.

क्रेटच्या बाजूनं पहिलं कारण सांगतात ते असं, की कुत्रा मुळात गुहेत राहणारा प्राणी आहे, त्याला बंदिस्त जागा आवडतेच. हे अर्धंच खरं आहे. लांडग्याची मादी विण्याच्या वेळी बीळ किंवा कपार शोधते. पिल्लं आठ-दहा आठवड्यांची झाली की त्यांना घेऊन ती बीळ सोडते. मोठे लांडगे एरवी उघड्यावरच झोपतात. तेवढ्या लांब कशाला, आपल्या गल्लीतली कुत्री बघा. व्यायलेली कुत्री जिन्याखाली नाहीतर बंद टपरीखाली जागा धरते. पिल्लं हिंडायला लागली की ती जागा सुटते. उरलेली कुत्री पावसात दुकानाच्या वळचणीला, उन्हात मोटारीखाली, थंडीत राखेच्या ढिगावर झोपतात. आडोशाची ओढ त्यांना आहे, यात शंका नाही. पण यातल्या एकाही जागेला बाहेरून कडी नसते. वाटेल तेव्हा आत आणि वाटेल तेव्हा बाहेर, हे त्या आडोशातलं अर्धं सुख असतं.

दुसरं कारण अधिक वजनदार आहे, ते म्हणजे स्वच्छतेची सवय. पहिले तीन-एक आठवडे पिल्लांची घाण त्यांची आईच चाटून साफ करते. पाय फुटले की पिल्लं आपणहून झोपायच्या जागेपासून लांब जाऊन शी-शू करतात. झोपायची जागा घाण करायची नाही, हा त्यांचा स्वभावच. क्रेट या स्वभावाचा उपयोग करून घेतो. बेताच्या जागेत झोपलेलं पिल्लू थोडा वेळ धरून ठेवतं. दार उघडल्याबरोबर उचलून खाली नेलं की तिथं मोकळं होतं, त्याला शाबासकी मिळते, आणि कुठं जायचं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. क्रेट फार मोठा असेल तर ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात कार्यभाग उरकतं. म्हणून चांगल्या क्रेटमध्ये जागा कमी-जास्त करायला मधली जाळी असते.

पण इथं घड्याळ आडवं येतं. पिल्लाच्या मूत्राशयाला मर्यादा असते. ढोबळ हिशेब असा सांगतात, की दिवसा पिल्लू जितक्या महिन्यांचं, साधारण तितके तास ते धरून ठेवू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू दोन तास, तीन महिन्यांचं तीन. त्याला सहा तास कोंडलं तर ते नाइलाजानं आतच करणार आणि त्यातच बसणार. असं चार-सहा वेळा झालं की झोपायची जागा स्वच्छ ठेवायचा उपजत स्वभावच मोडतो. सवय लावायला आणलेली वस्तू सवय घालवून बसते. जी पिल्लं विक्रीच्या जागी आठवडेच्या आठवडे जाळीवरच वाढलेली असतात, त्यांचं तर आधीच असं झालेलं असतं. त्यांच्या बाबतीत क्रेटचा हा उपयोग फारसा होत नाही.

क्रेटशिवायचा मार्गही तसा अवघड नाही. पिल्लाला झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्यायचं. म्हणजे दिवसातून आठ-दहा खेपा. रात्री एखादी. अडीनडीला दाराजवळ जुने वर्तमानपत्र पसरायचे. आमच्या घरी हा मान बहुधा रविवारच्या पुरवणीला मिळतो. कवितेचं पान त्यातून वगळलं जात नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे. मुद्दा असा, की दोन्ही मार्गांत माणूस हजर असावाच लागतो. क्रेटमुळे माणसाचं काम सोपं होतं, संपत नाही.

क्रेटचे खरे फायदे कुठले, तर तेही सांगतो. लहान कुत्रं तोंडानं जग ओळखतं. मोजे, चार्जरची वायर, औषधाची पट्टी, काहीही चावतं. मोजा आतड्यात अडकून शस्त्रक्रिया करावी लागलेली कुत्री प्रत्येक पशुवैद्यानं पाहिलेली असतात. मनुके आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखे असतात. घरातली बाई अर्धा तास स्वयंपाकात असेल, आंघोळीला गेली असेल, तेवढ्यापुरतं पिल्लू सुरक्षित जागी असलेलं बरं. गॅस सिलिंडर देणारा दारात आला, लहान मुलं हॉलभर धावताहेत, अशा वेळीही तसंच. आमच्याकडं ईदला येणाऱ्या नातेवाइकांत बरेच जण नमाजी असतात. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर त्यांना कपडा धुवावा लागतो, म्हणून ते बिचकतात. त्यांचा मान आणि कुत्र्याचं स्वास्थ्य दोन्ही राखायचं, तर तासभर कुत्रं आपल्या जागी बसलेलं सगळ्यांनाच सोयीचं पडतं.

आजारपणात तर क्रेट हे औषधच होतं. हाड मोडून सळई घातली असेल, डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याची मणक्याची चकती सरकली असेल, तर डॉक्टर काही आठवडे सक्तीची विश्रांती सांगतात. कुत्र्याला "बाबा रे, उडी मारू नको" असं समजावता येत नाही. क्रेटची आधीपासून ओळख असलेलं कुत्रं हे दिवस शांतपणे काढतं. ओळख नसलेलं दुखण्यात भीतीची भर घालून घेतं.

प्रवासाचंही तसंच. विमानात मालाच्या कप्प्यातून कुत्रं न्यायचं तर पेटी लागतेच, आणि त्या पेटीत त्याला नीट उभं राहता, वळता, आडवं होता आलं पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आपल्या रेल्वेत गार्डच्या डब्यात कुत्र्यासाठी लोखंडी पेटी असते. वातानुकूलित पहिल्या वर्गाचा पूर्ण कूपे आरक्षित केला तर ते आपल्याबरोबरही येऊ शकतं. आणि आपत्ती काय सांगून येते? 2005 साली अमेरिकेत कॅटरिना वादळ आलं तेव्हा कुत्र्या-मांजरांना सोडून जायचं नाही म्हणून कित्येक माणसांनी बुडणारी घरं सोडली नाहीत. त्यानंतर 2006 मध्ये तिथं आपत्तीच्या योजनेत पाळीव प्राण्यांचा विचार करणं कायद्यानं आवश्यक झालं. आपल्याकडे 2019 चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर आठवा. ज्या जनावराला पेटीत बसायची सवय आहे, ते नावेत उचलून ठेवणं सोपं जातं.

एवढं सगळं असताना मग माझी अडचण कुठं आहे? ती तासांच्या बेरजेत आहे.

शहरातलं नोकरी करणारं जोडपं धरा. सकाळी नऊला घर सोडलं, संध्याकाळी सातला परत. दहा तास झाले. रात्री झोपायला पुन्हा क्रेट, आठ तास. चोवीसातले अठरा तास गेले. शनिवार-रविवार फक्त रात्रीचे आठ तास धरले, तरी आठवड्यातल्या 168 तासांपैकी 106 तास होतात. कुत्र्याचं आयुष्य बारा वर्षांचं मानलं, तर त्यातली साडेसात वर्षं त्यानं एका जाळीत काढली, असा हिशेब निघतो. यात कुणी क्रूर नाही. मालक प्रेमळ आहे, गादी मऊ आहे, खेळणी महागाची आहेत. तरी बेरीज तीच येते. म्हणून क्रेट चांगला की वाईट, या प्रश्नाचं उत्तर दुकानात मिळत नाही, ते आपल्या घरच्या वेळापत्रकात असतं. दिवसा सलग चार तासांच्या वर मोठ्या कुत्र्यालाही बंद ठेवू नये, असं मला भेटलेल्या डॉक्टरांचं सांगणं होतं. स्वीडनमध्ये तर कुत्रं मोकळं असलं तरी दर सहा तासांच्या आत त्याला बाहेर न्यावं, असं सरकारी मार्गदर्शन आहे.

माझ्या मुलीच्या घरी ही बेरीज कागदावर मांडली, तेव्हा जावई बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिला. मग त्यांनी आठवड्यातले दोन दिवस आळीपाळीनं घरून काम मागून घेतलं. उरलेल्या दिवशी दुपारी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी वर येऊन पिल्लाला फिरवायचं कबूल केलं. मास्तरांना डॉक्टरांनी चालायला सांगितलेलंच होतं. क्रेट घरात राहिला, पण त्याचं दार बहुतेक वेळ उघडं असतं.

दुसरा धोका भीतीचा. काही कुत्र्यांना एकटं राहण्याचाच धसका असतो. मालक चपला घालायला लागला की त्यांना धाप लागते. असं कुत्रं फर्निचर फाडतं म्हणून त्याला क्रेटमध्ये कोंडतात. भीती जात नाही, उलट तिला चार भिंती मिळतात. अशी कुत्री जाळी चावून दात मोडून घेतात, पंजे रक्तबंबाळ करतात. दिवाळीच्या फटाक्यांच्या वेळीही हेच होतं. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. काही कुत्री अशा वेळी उघड्या क्रेटमध्ये आपणहून जाऊन बसतात, त्यांना बसू द्यावं. पण कडी लावली की तोच आसरा सापळा होऊ शकतो. लाळ गळणं, थरथरणं, जाळीवर सतत ओरखडे काढणं ही नाटकं नव्हेत. अशा वेळी दार उघडावं आणि डॉक्टरांना विचारावं.

तिसरा धोका आपल्या हवेचा. ही वस्तू थंड देशातून आली आहे. तिथली पुस्तकं सांगतात, क्रेटवर चादर टाका म्हणजे गुहेसारखा अंधार होईल. आमच्या सोलापूरच्या एप्रिलात असं करून बघा, गुहेची भट्टी होईल. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तळपायांना थोडासा येतो. शरीराची उष्णता ते मुख्यतः धापा टाकून घालवतं. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही. मोकळं कुत्रं वीज गेली की उठून न्हाणीघरातल्या गार फरशीवर जाऊन पडतं. कोंडलेल्याला ती सोय नाही. म्हणून क्रेट गॅलरीत ठेवू नये, खिडकीच्या उन्हात ठेवू नये, आत पाणी असावं. खाण्याचे कण राहिले तर मुंग्यांची रांग लागते, तेही रोज बघावं. आणि आत सोडताना गळ्यातला पट्टा काढावा. तो जाळीत अडकून फास बसू शकतो.

आता थोडं कडू बोलतो. पिंजरा म्हटल्यावर नाकं मुरडणारे आपण, कुत्र्याला साखळीनं बांधतो तेव्हा काय करतो? कितीतरी बंगल्यांच्या फाटकाशी, शेतावरच्या वस्त्यांवर, गॅरेजांसमोर तीन-चार फुटांच्या साखळीला बांधलेलं कुत्रं दिवसच्या दिवस उभं असतं. साखळीच्या टोकानं जमिनीवर अर्धवर्तुळ उमटलेलं असतं. तेवढंच त्याचं जग. त्याला कुणी क्रूरपणा म्हणत नाही, कारण ते दृश्य आपल्या डोळ्यांच्या सवयीचं आहे. आपला 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा मात्र दोन्ही गोष्टींना सारखंच तोलतो. हालचाल करता येणार नाही इतक्या अपुऱ्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणं हा त्यात गुन्हा आहे. फार आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधणं हाही गुन्हा आहे. आणि कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकानं फिरवलं नाही, तर तोही गुन्हाच. कुत्र्याला फिरवण्याची जबाबदारी कायद्यात लिहिलेली आहे, हे किती जणांना माहीत आहे? या कायद्यामागं रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या, भरतनाट्यमच्या थोर नर्तिका. राज्यसभेत त्यांनी हा विषय लावून धरला. कायदा झाला तेव्हा पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला होता जास्तीत जास्त पन्नास रुपये. धाक वाटावा असा तो आकडा नाही. पण न्याय फक्त दंडाच्या पावतीत नसतो.

लहानपणी आमच्या आजीनं एक हदीस सांगितली होती. एका बाईनं मांजर कोंडून ठेवलं. तिला स्वतः खायला दिलं नाही आणि बाहेर सोडून तिचं तिला शोधूही दिलं नाही. मांजर मेलं आणि त्या बाईला त्यापायी नरक मिळाला. दार आपण लावलं की आतल्या जिवाची भूक, तहान, ऊन, भीती हे सगळं आपल्या खात्यावर जमा होतं, असा अर्थ मी त्यातून घेतो. हे कळायला धर्म कुठलाही असला तरी चालेल.

मग क्रेट घ्यावा की नाही? ज्यांच्या घरी दिवसभर कुणी ना कुणी असतं, त्यांनी अडीअडचणीपुरता, प्रवासापुरता, आजारपणाची तयारी म्हणून जरूर घ्यावा. ज्यांचं घर दहा-दहा तास बंद असतं, त्यांनी क्रेट निवडण्याआधी दुपारी येणारं माणूस शोधावं. ते मिळेपर्यंत कुत्रं आणूच नये. एका खोलीच्या दाराला लहान मुलांसाठी लावतात तसं बुटकं फाटक बसवलं, आतल्या वायरी उचलून ठेवल्या, तरी पुष्कळ कामं भागतात. कुत्र्याला चार पावलं चालता येतं, हवं तिथं लवंडता येतं.

घेतलाच, तर माप आधी कुत्र्याचं घ्या. मान न वाकवता उभं राहता आलं पाहिजे, अंगाभोवती वळता आलं पाहिजे, पाय लांब करून कुशीवर झोपता आलं पाहिजे. शिक्षा म्हणून त्यात कधीही कोंडू नका. कुत्रं आत गेलं की घरातल्या मुलांनी तिकडं हात घालायचा नाही, हा नियम करा. आणि पहिले पंधरा दिवस दार दोरीनं मागं बांधून टाका. आत जेवण ठेवा, जुनी सतरंजी ठेवा, आणि बघत राहा. पंधरा दिवसांनी ते भर दुपारी आपणहून आत जाऊन घोरत असेल, तर दोरी सोडा, दार चार मिनिटं लावा, पुन्हा उघडा. आणि ते आत जातच नसेल, तर तो क्रेट घडी घालून माळ्यावर ठेवा. प्रवासाला उपयोगी पडेल.